लाल पट्टीचा प्रश्न

"सर, हे वर्ड चोरीचं आहे का?"

आठवीत असताना, भर कॉम्प्युटरच्या तासाला, मी उभी राहून हा प्रश्न विचारला. हात वर केला नव्हता. हात वर केला असता तर सर 'बोल' म्हणेपर्यंत माझा धीर सुटला असता. म्हणून आधी उभी राहिले, मग तोंड उघडलं, आणि आपण काय विचारलं ते माझं मलाच सगळ्यात शेवटी ऐकू आलं.

खरं तर प्रश्न माझा नव्हताच. तेजल आणि समीनाचा होता.

आमच्या विट्याच्या शाळेतल्या लॅबमध्ये वर्ड उघडलं की वरच्या बाजूला एक लाल पट्टी यायची. तिच्यावर इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलेलं असायचं. ती आली रे आली की लोहार सर म्हणायचे, "पट्टी सोडा, फुलीवर क्लिक करा, पुढं चला." दर तासाला हेच. एकदा समीनानं फुलीवर क्लिक करायच्या आधी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी डिक्शनरी घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं निकाल जाहीर केला.

"ही कॉपी खरी नसावी, असं लिहिलंय. म्हणजे चोरीची."

"मग विचार की सरांना," तेजल म्हणाली.

"मी नाही. तू विचार."

"मी? माझा दादा दहावीत आहे. त्याचे मार्क कापले तर घरी मला कापतील."

मग दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

आता इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं नाव स्वराली निकम, आणि आठवीपर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. हजेरीला मी 'हजर' म्हणायचे तेसुद्धा शेजारच्या मुलीला सांगावं लागायचं, की बाई, हिनं म्हटलंय. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला जाणारी मुलगी ऐन वेळी तापानं पडली आणि तिच्या जागी मला ढकललं. मी दुसरी आले! तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. आईशी, किराणा दुकानदाराशी, बसच्या कंडक्टरशी, सगळ्यांशी मी एक पाय पुढे टाकून, हातवारे करून बोलायला लागले होते.

"स्वराली विचारेल," समीना म्हणाली. "ती आता कुणाला भीत नाही."

"कोण म्हणतं भीत नाही?" तेजलनं डोळे बारीक केले. "ऐक, विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातली शेंगाची पोळी तुझी. नाही विचारलंस तर परत पहिल्यासारखं हळू बोलायचं. जन्मभर."

पोळी चांगली असते तेजलच्या आईची. पण मी उभी राहिले ती त्या 'जन्मभर'मुळे.

"काय म्हणालीस?" लोहार सरांनी विचारलं.

"हे वर्ड, सर. चोरीचं आहे का? वर लाल पट्टीत लिहिलंय तसं."

मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. लोहार सर म्हणजे आमच्या शाळेतला सगळ्यात गरीब माणूस. गरीब म्हणजे स्वभावानं. त्यांचा आवाज कधी चढलेला कुणाला आठवत नाही. राग आला की ते चष्मा काढून पुसायचे, तेवढाच राग. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याच दप्तरात आहे.

"स्वराली, हा प्रश्न तू घरी विचार," ते म्हणाले.

"घरी कशाला, सर? कॉम्प्युटर तर शाळेचे आहेत!"

झालं! बेचाळीस पोरं एकदम हसली. दहा कॉम्प्युटरांपुढं चार-चार जण कोंबलेले असायचे, त्यामुळं हसताना एक स्टूल आडवं झालं आणि त्याच्यावरचे दोघं खाली बसले. मी मात्र उभीच. मला वाटत होतं, आता कुणीतरी माझा फोटो काढायला हवा.

"काय चाललंय इथं?"

दारात मुळीक मॅडम उभ्या होत्या. आमच्या मुख्याध्यापिका. जूनमध्येच बदलून आल्या होत्या आणि शाळेतली एकेक गोष्ट उचकटून बघायचं त्यांचं काम सुरू होतं. पिण्याच्या पाण्याची टाकी झाली, ग्रंथालयाचं कपाट झालं. लॅब बाकी होती.

"काही नाही मॅडम," सर म्हणाले.

"काही नाही, तर एवढं हसतंय कोण? तू उभी का आहेस? काय विचारत होतीस?"

आता बसून जावं, असं मला वाटलं होतं का? मुळीच नाही. उलट मी आवाज अजून मोकळा केला. "मॅडम, मी सरांना विचारलं, की हे सॉफ्टवेअर चोरीचं आहे का."



मॅडम आत आल्या, पहिल्या कॉम्प्युटरपाशी वाकल्या, लाल पट्टी नीट वाचली. डिक्शनरीशिवाय. मग सरळ झाल्या.

"लोहार सर, हे विकत घेतलेलं नाही?"

"नाही मॅडम."

"कुणी बसवलं?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर सायकल स्टँडकडे बघत राहिले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी बसवलं," ते म्हणाले.

"उद्या सकाळी दहाला माझ्याकडे लेखी खुलासा द्या. आणि तोपर्यंत इथला एकही कॉम्प्युटर चालू करायचा नाही." जाता जाता त्या माझ्यापाशी थांबल्या. "प्रश्न बरोबर होता. बस खाली."

मी बसले आणि समीनानं टेबलाखालून माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली.

मधल्या सुट्टीत माझी मिरवणूकच निघाली म्हणा ना. सातवीची पोरं मला बघायला आली. कुणी इन्स्पेक्टर म्हणालं, कुणी फौजदारीण म्हणालं. तेजलनं दोन्ही हातांनी पोळी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "घ्या, बाईसाहेब." मी ती तुकडे न करता, सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली. खाता खाता मला अजून एक भन्नाट कल्पना सुचली. चोर पकडला, आता आपणच दुरुस्ती करून द्यायची! माझ्या मावसबहिणीच्या कॉलेजात लिब्रे ऑफिस वापरायचे. वर्डमध्ये होतं ते बहुतेक सगळं त्यात होतं, आणि ते फुकट असूनही चोरीचं नव्हतं. करणाऱ्यांनीच सगळ्यांना देऊन टाकलेलं. दिवाळीत मी तिच्या लॅपटॉपवर ते चालवून पाहिलेलं होतं. आता हे जाऊन सरांना सांगायचं, आणि सर म्हणतील, वा स्वराली.

शाळा सुटल्यावर मी एकटीच लॅबमध्ये गेले. सर खुर्चीवर बसून एका कोऱ्या कागदाकडे बघत होते. कागदावर वर फक्त 'प्रति' लिहिलं होतं.

मी एक पाय पुढे टाकून माझं सगळं भाषण म्हणून दाखवलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, लाल पट्टी येत नाही, मी स्वतः बसवून देते, वगैरे. सरांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मीच आधी बदलायला हवं होतं. आज बदलू, उद्या बदलू करत दोन वर्षं गेली. आता नवीन सर येतील त्यांना सांग."

"नवीन सर म्हणजे? तुम्ही कुठं चाललाय?"

"अगं, मी इथं तासिकेवर आहे. कायमचा नाही. मॅडमना लिहून दिलं, की हे मी केलं, तर त्या मला ठेवतील कशाला? त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता." हे त्यांनी उद्याचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग ड्रॉवरकडे बोट केलं. "तो पेन ड्राइव्ह तेवढा घेऊन जा. इथं नको राहायला."

मी ड्रॉवर उघडला. आत खडूचे तुकडे, एक तुटलेला माउस आणि एक काळा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हच्या टोकावर जांभळं नेलपॉलिश.

ते नेलपॉलिश मी लावलेलं होतं. सहावीत असताना. आमचं तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान आहे, 'स्वराली झेरॉक्स व टायपिंग', आणि गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमध्ये आमचे मिसळायचे म्हणून मी आमच्या सगळ्यांना जांभळी टोकं केली होती. पप्पा म्हणाले होते, आता कसे, लग्नातल्या करवल्यांसारखे दिसतात.

माझा पुढे टाकलेला पाय कधी मागे आला ते मला कळलं नाही.

"सर, हा तर..."

"हो."

"पप्पांनी बसवलं? मग तुम्ही 'मी' का म्हणालात?"

"बटणं मीच दाबली ना. ते सांगत होते, मी दाबत होतो." सर जरासे हसले. "ही दहा खोकी कुठल्यातरी बँकेनं शाळेला दिली होती. एकही चालू होत नव्हतं. तुझ्या पप्पांनी दोन रविवार घालवले इथं. धुळीत मांडी घालून बसले होते. चहा सोडून काही घेतलं नाही शाळेकडून. त्यांनी जे होतं ते दिलं. आता भर वर्गात, तुझ्यासमोर, त्यांचं नाव घेऊ?"

मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि ड्रॉवर लावला.

"आणि हे बघ, घरी काही बोलू नकोस," सर म्हणाले. "तुझा प्रश्न बरोबरच होता. मॅडम म्हणाल्या ना?" आणि ते परत त्या 'प्रति'कडे वळले.

दुकानापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी मी ते अंतर पाच मिनिटांत कापलं. घरी काही बोलू नकोस, असं सर म्हणाले होते. पण दुकान म्हणजे काही घर नव्हे. हा मुद्दा मी वाटेतच पक्का केला.

दुकानात पप्पा झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते. आई कॉम्प्युटरवर होती आणि तिच्या शेजारी स्टुलावर एक आबा बसले होते, नातवाच्या लग्नाची पत्रिका टाइप करून घ्यायला आलेले. हातात टोपी, नजर स्क्रीनवर.

मी दप्तर टाकलं आणि म्हणाले, "पप्पा, आपल्या दुकानातलं वर्ड चोरीचं आहे ना?"

पप्पांच्या हातातला कागद फाटला. "हळू बोल की!"

"चोरीचं?" आबा स्टुलावरून अर्धे उठले. "निकम, चोरीच्या मशीनवर माझ्या नातवाची पत्रिका छापताय व्हय?"

"मशीन आमचंच आहे, आबा. बसा तुम्ही."

"मग चोरीचं काय हाय?"

"त्याच्या आतलं," मी म्हणाले.

"आतलं चोरीचं आन् भायरचं तुमचं," आबांनी विचार केला. "मग लगीन लागंल न्हवं नीट?"

"स्वराली!" आई ओरडली. "डबा काढ, हात धू आणि गप्प बस."

"आई, मी एक दुसरं टाकते. फुकट आहे आणि आपलं असणार आहे. आबांची पत्रिका त्याच्यावर करू. बघा आबा, चालेल?"

"चांगल्या मार्गाचं असंल तर टाक बाई," आबा म्हणाले. आईला नाही म्हणता येईना, कारण गिऱ्हाईक हो म्हणालं होतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मी लिब्रे ऑफिस उतरवून घेतलं. तेवढ्या वेळात आबांनी दोन चहा घेतले आणि नवरीकडच्या मंडळींबद्दल आम्हाला बरंच काही सांगितलं, ते पत्रिकेत घालण्यासारखं नव्हतं. मग मी आईची पत्रिकेची फाईल नव्यात उघडली.

आणि पत्रिका कोसळली.

डावीकडे 'चि. संग्राम' जागेवर होता. पण त्याच्यासमोर उजवीकडे जी 'चि. सौ. कां. वैष्णवी' असायला हवी, ती नव्हती. तिच्या जागी नवरदेवाचे मामा येऊन बसले होते. वैष्णवी अर्धी खालच्या ओळीत गेली होती, अर्धी त्याच्याही खाली, आणि तिचं माहेरचं आडनाव 'वाहन पार्किंगची सोय आहे' याच्याशेजारी जाऊन उभं होतं.

आबा चष्मा कपाळावर सारून जवळ आले. "नवरी कुठाय?"

"पार्किंगपाशी," पप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"मामाशी लावताय का काय लगीन?"

"बघ!" आई उठलीच. "म्हणून सांगत होते. अकरा वर्षं मी या हातांनी पत्रिका केल्यात, एकीची नवरी हलली नाही. तुझ्या त्या फुकटच्यानं एका मिनिटात संसार मोडला. काढ ते!"

माझा चेहरा पडला. फुकटचं असंच असतं का? पण मी फाईलमधली ती न दिसणारी चिन्हं दाखवायचं बटण दाबलं, आणि पडदाभर ठिपके उमटले. मुंग्यांच्या रांगाच जणू. संग्राम, मग ठिपके, ठिपके, ठिपके, मग वैष्णवी.

"आई, हे काय आहे?"

"काय म्हणजे? स्पेस. अठ्ठावीस स्पेस दिल्या की नवरी बरोबर समोर येते. प्रश्नपत्रिकेत गुण लिहायला बेचाळीस. अर्जात सहीला छत्तीस." आईनं हे सगळं न अडखळता सांगितलं. मी तिच्या कीबोर्डकडे बघितलं. बाकीच्या कळा मळक्या होत्या, स्पेसची तेवढी मधोमध घासून आरशासारखी चकचकीत झाली होती.

"नव्यात अक्षरं जरा रुंद दिसतात," मी म्हणाले. "म्हणून तुझ्या अठ्ठावीस स्पेस ओळीत मावल्या नाहीत आणि नवरी खाली ढकलली गेली. थांब."

मी दोन रकान्यांचं एक टेबल घातलं. डावीकडच्या रकान्यात संग्राम आणि त्याचे आईवडील, उजवीकडे वैष्णवी आणि तिचे. मग टेबलाच्या रेघा अदृश्य केल्या. मी संग्रामच्या नावापुढं मुद्दाम भलंमोठं 'डॉक्टर इंजिनिअर पैलवान' लिहिलं. वैष्णवी जागची हलली नाही.

"ऱ्हाऊ द्या की ते पैलवान," आबा म्हणाले. मी खोडलं.

आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "हे असलं टेबल फक्त या नव्यात आहे ना?"

खोटं बोलावं, असं मला खरंच वाटलं. "वर्डमध्येपण आहे, आई. पहिल्यापासून."

आईनं आपला उजवा अंगठा डाव्या हातात धरला आणि चोळत राहिली. पप्पा झेरॉक्स मशीनकडे वळले, पण तिथं काढायला काही उरलं नव्हतं.

"छापा," आबा म्हणाले. "नवरी आली जागेवर." पत्रिकेचा नमुना त्यांनी टोपीत घडी करून ठेवला आणि जाताना दारातून मला बजावलं, "पोरी, मामाकडं लक्ष ठेव."

ते गेले आणि मी खिशातून जांभळ्या टोकाचा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

पप्पांनी तो लगेच ओळखला. "हा कुठं मिळाला?"

मी सगळं सांगितलं. तेजलची पैज सांगितली, लाल पट्टी सांगितली, मॅडम सांगितल्या, 'मी बसवलं' सांगितलं, कोरा कागद सांगितला. बोलताना हातवारे केले नाहीत.

"उद्या दहाला खुलासा दिला की त्यांचे तास बंद," मी म्हणाले. "सर तसं बोलले मला."

पप्पा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. "मी कुठं चोरी केली गं? सगळा गाव तेच वापरतो. शाळेनं मागितलं, माझ्याजवळ होतं ते दिलं. एक पैसा घेतला नाही."

"सर तेच म्हणत होते."

"मी बोलतो त्यांच्याशी. फोन करतो रात्री."

"काय बोलणार?"

पप्पांनी पेन ड्राइव्ह उचलला आणि परत टेबलावर ठेवला.

"तुम्ही मॅडमकडे जा ना," मी म्हणाले.

"जातो, आणि काय सांगू? मी बसवलं म्हणून? नवीन बाई आहेत, कडक आहेत. उद्या शाळेचे पेपर दुसऱ्या दुकानात जातील. अकरा वर्षं सहामाही आणि वार्षिकचे पेपर तुझी आई करते. सुट्टी न घेता. तू पोटात होतीस तेव्हापासून म्हण की."

"मी आठवीत आहे, पप्पा. अकरा वर्षांपूर्वी मी चालत होते."

"बघ, कशी बोलते! हेच तोंड वर्गात चालवलं." पप्पा आईकडे वळले. "तू सांग हिला काहीतरी."

आई अजून अंगठा चोळत होती. "त्या रविवारी तुम्ही शाळेत गेला होतात," ती म्हणाली, "तेव्हा मी दोघांचा डबा दिला होता. लोहार सरांनी डबा धुऊन पाठवला होता परत. आत मूठभर शेंगदाणे घालून. रिकामा डबा पाठवू नये म्हणून."

"माहितेय मला."

"मला वाटलं, विसरलात."

"विसरलो नाही गं." पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "पण काम गेलं तर?"

आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "स्वराली, हे मोठ्यांचं आहे. मोठी माणसं बघतील. तू आता यात तोंड घालू नकोस."

सकाळी हेच वाक्य कुणी मला म्हणालं असतं तर मी मोठ्यानं हसले असते. आता मला हसू येत नव्हतं. प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं होतं, आपण फार मोठं धाडस केलं. ते धाडस कसलं? त्यात माझं काहीच गेलं नव्हतं, उलट एक पोळी फुकटात मिळाली होती. सरांना त्याची काय किंमत पडणार ते उद्या दहाला कळणार होतं.

मी उभी राहिले. एक पाय पुढे टाकावासा वाटला, टाकला नाही. दोन्ही पाय जमिनीवर ठेवले.

"आई, पप्पा, मी एक ठरवलंय," मी म्हणाले. "उद्या सरांच्या आधी, पावणेदहाला, मी मुळीक मॅडमच्या केबिनमध्ये जाणार आहे. त्यांना सांगणार, की ते सॉफ्टवेअर आमच्या दुकानातून आलं होतं आणि सरांनी आमचं नाव झाकलं."

"अगं, पण..." पप्पा उठले.

"अजून संपलं नाही. मी त्यांना असंही सांगणार, की दहाच्या दहा कॉम्प्युटरवरचं जुनं काढून नवीन बसवायला माझे पप्पा स्वतः आलेत आणि बाहेर व्हरांड्यात उभे आहेत." मी दप्तर खांद्याला अडकवलं. "मॅडम लगेच दार उघडून बघतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. तेव्हा व्हरांड्यात कुणी असलं तर मी खरं बोलले, आणि नसलं तर निकमांची पोरगी पहिल्याच वाक्याला खोटारडी निघाली. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी तर सांगणारच आहे."